नजरेला भावणाऱ्या हालचालीमागचे गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. तेव्हापासून सोलापुरातल्या पालकांकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुले मोबाइलचे खेळ बनवायला शिकायचे म्हणतात, तर त्यात शिकण्यासारखे नेमके असते तरी काय? चित्रे काढायची आणि ती कोणी तयार करून ठेवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायची, एवढेच ना?

त्या शिक्षणाचा एकच भाग येथे समजावून सांगायचा आहे, पण माझ्या मते तोच गाभ्याचा आहे: पडद्यावरची वस्तू हलताना डोळ्यांना बरी का वाटते, किंवा का खटकते. सारख्याच दर्जाची चित्रे असलेले दोन खेळ घेतले, तरी एक हातातून ठेववत नाही आणि दुसरा दोन मिनिटांत बंद करावासा वाटतो. हा फरक बहुतेक वेळा वस्तूंचा वेग कसा चढतो आणि कसा उतरतो याचा असतो, आणि तो ठरवायला लागणारे जवळजवळ सगळे गणित आठवी ते बारावीच्या पुस्तकांत आहे.

पडद्यावर खरोखर काहीच हलत नसते

मोबाइलचा पडदा एका सेकंदात ठरावीक वेळा नव्याने रंगवला जातो. अशा प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. काही फोनवर सेकंदाला ६० फ्रेम दिसतात, काहींवर ९० किंवा १२०. साठच्या हिशेबाने एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात आणि एकशेवीसच्या हिशेबाने ८.३३. तेवढ्या वेळात प्रोसेसरला प्रत्येक वस्तूची नवी जागा काढून चित्र तयार करावे लागते. ते जमले नाही, तर जुनेच चित्र आणखी एकदा दिसते आणि खेळ अडखळतो.

म्हणजे खेळ बनवणाऱ्यासमोर दर फ्रेमला एकच प्रश्न असतो: हालचाल सुरू होऊन इतका वेळ झाला, तर या क्षणी वस्तू कुठे असावी? वेळ सांगितली की जागा मिळाली पाहिजे. या संबंधाचा आलेख काढता येतो, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर जागा. पुढचे सगळे विवेचन या आलेखाच्या आकाराविषयी आहे.

सरळ रेषेचा आलेख का खटकतो

समजा, खेळाडूने एक नाणे मिळवले आणि ते पडद्याच्या मध्यावरून वरच्या कोपऱ्यातल्या थैलीत जायचे आहे. अंतर १०० एकके आहे आणि वेळ अर्धा सेकंद. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अंतराचे तीस सारखे भाग करायचे आणि नाणे दर फ्रेमला एकेक भाग पुढे न्यायचे. हिशेब अचूक असतो, नाणे वेळेवर पोहोचते, आणि तरीही पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. निघण्याआधी नाण्याचा वेग शून्य होता आणि पहिल्याच फ्रेमला तो पूर्ण झाला. शेवटच्या फ्रेमपर्यंत तो पूर्ण होता आणि लगेच शून्य झाला. वजन असलेली कोणतीही वस्तू असे करू शकत नाही, आणि जन्मापासून वस्तू हलताना पाहत आलेल्या डोळ्यांना ही खोट कोणी न सांगता कळते.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, तेव्हाचा आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणावा. चालवणारा त्याला एकदम पूर्ण वेग देत नाही. पाळणा आधी जेमतेम सरकतो, मग सावकाश वेग घेतो, मग भरात फिरतो आणि थांबवतानाही त्याचा वेग उतरत उतरत शून्यावर येतो. त्याच्या फिरण्याचा आलेख काढला तर तो सरळ रेषेचा न येता दोन्ही टोकांना आडवा आणि मध्ये उभा चढणारा असा येईल.

हा आकार सूत्रात बसवणे अवघड नाही. ठरलेल्या वेळेपैकी जितका भाग उलटला, त्याला क्ष म्हणू. सुरुवातीला क्ष शून्य आणि शेवटी एक. सरळ हालचालीत अंतराचाही क्ष एवढाच भाग कापला जातो. त्याऐवजी ३क्ष² − २क्ष³ एवढा भाग कापायचा असे ठरवले, तर पाव वेळ उलटल्यावर आपले नाणे २५ ऐवजी १५.६ एककांवर असते, अर्ध्या वेळेला बरोबर ५० वर आणि पाऊण वेळेला ८४.४ वर. बारावीत अवकलन शिकलेल्यांनी या सूत्राचा अवकलज काढून पाहावा. तो ६क्ष − ६क्ष² येतो. त्यात शून्य घातले तरी उत्तर शून्य आणि एक घातले तरी शून्य, म्हणजे दोन्ही टोकांना वेग शून्य. सूत्रातले आकडे कोणी अंदाजाने निवडलेले नाहीत. दोन टोकांच्या जागा आणि दोन टोकांचे वेग अशा चार अटी घातल्या की त्या पुऱ्या करणारी सर्वांत साधी बहुपदी हीच निघते.

वेग असा चढवण्या-उतरवण्याला या व्यवसायात इझिंग म्हणतात. हाताने चित्रे काढून चलच्चित्रे करणाऱ्या कलाकारांना ही गोष्ट संगणकाच्या पुष्कळ आधी ठाऊक होती. हालचालीच्या दोन्ही टोकांना ते चित्रे जवळजवळ काढत आणि मधल्या भागात दूरदूर. या शतकाच्या सुरुवातीला प्रोग्रामर रॉबर्ट पेनर यांनी अशा वक्रांची सूत्रे एकत्र करून सर्वांना वापरू दिली, आणि आज कोणत्याही गेम इंजिनात, म्हणजे खेळ बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, तेच वक्र तयार मिळतात.

मात्र सगळीकडे दोन्ही टोकांना मंद असणारा वक्र लावण्याची नवशिक्यांची सवय मला मुळीच पटत नाही. बोटाने बटण दाबल्यावर उघडणारी चौकट हळू सुरू झाली, तर फोनच मंद आहे असा समज होतो. तेथे सुरुवात झपाट्याची आणि शेवट शांत हवा. त्यासाठी १ − (१ − क्ष)³ हे सूत्र घेतले, तर अर्ध्या वेळेतच ८७.५ टक्के अंतर संपते आणि उरलेल्या वेळात चौकट जागेवर स्थिरावते. पडद्याबाहेर जाणाऱ्या वस्तूला याच्या उलट, म्हणजे नुसता क्ष³ चालतो, कारण ती बाहेर गेल्यावर कशी थांबली हे कोणालाच दिसत नाही.

साइनचा उपयोग कुठे होतो

त्रिकोणमिती पुढे कुठे लागते, असे दहावीतली मुले दरवर्षी विचारतात आणि त्यांना बहुधा मनोऱ्याची उंची मोजण्याचे तेच जुने उदाहरण मिळते. त्याऐवजी पुन्हा आकाशपाळण्याकडे पाहू. त्याची त्रिज्या १० मीटर आणि मध्य जमिनीपासून १२ मीटरवर आहे असे समजा. पाळणा एकसारख्या वेगाने फिरत असताना एका बैठकीची उंची काढायची, तर १२ मध्ये आडव्या रेषेपासूनच्या कोनाच्या साइनची दहा पट मिळवायची. बैठक अगदी वर असल्यापासून पहिल्या ३० अंशांत ती फक्त १.३४ मीटर खाली येते. पण मध्याच्या पातळीवर पोहोचण्याआधीच्या शेवटच्या ३० अंशांत ५ मीटर उतरते. म्हणूनच वर क्षणभर तरंगल्यासारखे वाटते आणि मध्ये पोटात गोळा येतो. साइनच्या आलेखात ही दोन्ही टोकांची विश्रांती आणि मधली घाई आपोआप असते.

खेळात हवेत तरंगणारे नाणे, श्वास घेत उभे असलेले पात्र, पाण्यावरची नाव, लुकलुकणारा दिवा, या सगळ्यांना साइन पुरते. नाण्याची उंची दर दोन सेकंदांत पाच एकके वर आणि पाच खाली होऊ दिली की काम झाले. येथे एक छोटी युक्ती फार मोठा फरक करते. रांगेत दहा नाणी असतील आणि ती सगळी एकाच वेळी वर-खाली होत असतील, तर दृश्य यांत्रिक दिसते. प्रत्येक नाण्याच्या कोनात त्याच्या आडव्या जागेनुसार थोडी भर घातली, की तीच नाणी एकामागून एक उचलली जातात आणि रांगेतून लाट सरकताना दिसते. सूत्रात फक्त एक बेरीज वाढलेली असते.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी ‘ज्या’ या राशीचा २४ मूल्यांचा तक्ता दिला होता, आणि ही ‘ज्या’ म्हणजे आजच्या साइनचीच पूर्वज. संगणक मंद होते त्या काळातले खेळही साइन दर वेळी न काढता तिचा तक्ता स्मृतीत ठेवूनच चालत. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणापुरता वेग, मोजण्याचा विचार मांडला. दर फ्रेमला वस्तूचा त्या क्षणापुरता वेग विचारणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा वारसा परका वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

थांबल्यावरही जे झुलत राहते

आकाशपाळणा थांबतो, पण त्याची टांगलेली बैठक लगेच थांबत नाही. ती पुढे झुलते, मागे येते, पुन्हा थोडी पुढे जाते आणि मग स्थिर होते. हे झुलणे पडद्यावर आणायचे तर स्प्रिंगचे समीकरण लागते. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम असा, की स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती मागे ओढते. त्याला दुसरे बल जोडायचे, जे वेगाच्या प्रमाणात वेगालाच विरोध करते. त्याला अवमंदन म्हणतात. या दोन बलांच्या बेरजेतून दर फ्रेमला वेग काढायचा आणि वेगातून जागा.

अवमंदन कमी ठेवले तर वस्तू लक्ष्य ओलांडून पुढे जाते आणि परत येते. फार ठेवले तर रेंगाळत पोहोचते. या दोहोंच्या मध्ये एक नेमके मूल्य असे असते की लक्ष्य न ओलांडता वस्तू लवकरात लवकर जागेवर येते. पात्राच्या मागे जाणाऱ्या कॅमेऱ्याला हे नेमके मूल्य द्यावे, कारण सतत लक्ष्य ओलांडणारा कॅमेरा पाहणाऱ्याचे डोके दुखवतो. बक्षिसाच्या पेटीला किंवा दाबलेल्या बटणाला अवमंदन थोडे कमी दिले तर त्याला जीव येतो. पण प्रत्येक बटण, प्रत्येक आकडा, प्रत्येक चौकट उसळू लागली की नजर कुठेच ठरत नाही. सध्याच्या अनेक खेळांत हा अतिरेक दिसतो.

स्प्रिंगचा कोड लिहिताना ओळींचा क्रमही महत्त्वाचा असतो. बल काढल्यावर आधी जुन्या वेगाने जागा बदलली आणि मग त्याच बलाने वेग बदलला, तर अवमंदन नसलेली स्प्रिंग दर झोक्याला थोडी अधिक दूर जाते आणि काही वेळाने वस्तू पडद्याबाहेर फेकली जाते. आधी वेग बदलून त्या नव्या वेगाने जागा बदलली, तर झोका आटोक्यात राहतो. ओळी त्याच, फक्त वर-खाली केलेल्या.

खेळातल्या उडीचे गुरुत्वाकर्षण खोटे असते, मग भौतिकशास्त्र कशाला?

हा आक्षेप विज्ञानाच्या शिक्षकांकडून येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण ९.८ आहे. खेळातल्या पात्राने तीन मीटर उंच उडी मारायची आणि त्वरण खरे ठेवायचे, तर वर पोहोचायला ०.७८ सेकंद लागतात आणि खाली यायला तितकेच. दीड सेकंदाहून जास्त वेळ हवेत असलेले पात्र हाती लागत नाही असे खेळणाऱ्याला वाटते.

म्हणून खेळ रचणारा उलट्या बाजूने जातो. उडी किती उंच हवी आणि वर पोहोचायला किती वेळ हवा, हे तो आधी ठरवतो. उंची तीन मीटर आणि वेळ ०.४ सेकंद. मग त्वरण म्हणजे उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागायचे, ते येते ३७.५; आणि सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीच्या दुपटीला वेळेने भागायचे, तो येतो सेकंदाला १५ मीटर. पुष्कळ खेळांत खाली येताना त्वरण आणखी वाढवतात. ते दुप्पट केले तर पडायला ०.२८ सेकंद लागतात आणि सगळी उडी पाऊण सेकंदाच्या आत आटोपते. बटण लवकर सोडले की वर जाण्याचा वेग छाटून लहान उडीही देता येते.

येथे आकडे बदलले, पण नियम बदलला नाही. पडणारी वस्तू वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवले होते, आणि तो वर्ग कायम असल्यामुळेच उडीचा मार्ग अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराचा राहतो व डोळ्यांना खरा वाटतो. वर्गाच्या जागी भलतेच काही घातले तर तो विश्वास तुटतो.

इंजिन सगळे करून देते, मग गणित कशाला?

विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारा हा आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर कोडच्या एका ओळीत मिळते. कॅमेरा पात्राच्या मागे न्यायचा सोपा उपाय म्हणून अनेकजण लिहितात: दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग पुढे जा. हालचाल सुरेख दिसते, सुरुवातीला वेगवान आणि शेवटी हळुवार. आता हाच खेळ तीन फोनवर चालवू आणि एक दशांश सेकंदाने किती अंतर उरले ते पाहू. सेकंदाला ३० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर तीन फ्रेम झाल्या, म्हणजे ०.९ चा घन, ७३ टक्के अंतर अजून बाकी. ६० च्या फोनवर सहा फ्रेम झाल्या, ५३ टक्के बाकी. १२० च्या फोनवर बारा फ्रेम झाल्या, फक्त २८ टक्के बाकी. जास्त फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर चपळ वाटणारा कॅमेरा कमी फ्रेमच्या फोनवर रेंगाळतो, आणि चूक कुठे आहे हे बनवणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या फोनवर कधीच दिसत नाही.

सोलापुरात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना फोन तापतो, तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि साठच्या चाळीस फ्रेम होतात. दुपारी आणि रात्री एकाच फोनवर तोच खेळ वेगळा वाटावा, याचे कारण बहुधा असे एखादे वेळेचा हिशेब न करणारे सूत्र असते.

उपाय घातांकात आहे. साठच्या एका फ्रेमला ०.९ भाग उरायला हवा असेल, तर तिच्या निम्म्या वेळेच्या फ्रेमला ०.९ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.९४९ भाग उरला पाहिजे. अशा दोन फ्रेम झाल्या की गुणाकार पुन्हा ०.९ होतो. दहा टक्क्यांच्या निम्मे पाच असे समजून ०.९५ घेतले, तर उत्तर जवळपास येते पण बरोबर येत नाही. सर्वसाधारण सूत्र असे, की सेकंदात मोजलेल्या उलटलेल्या वेळेला ६० ने गुणायचे आणि ०.९ चा तितका घात घ्यायचा. फ्रेम कितीही लहान-मोठ्या झाल्या तरी कॅमेरा त्याच वेळी त्याच जागी असतो. इंजिन उलटलेला वेळ सांगते. तो घातांकात ठेवायचा की नुसता गुणायचा, हे ते सांगत नाही.

पण ही तर व्यसन लावण्याची विद्या झाली

पालकांचा हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्यात तथ्य आहे. अनेक खेळांत बक्षिसाचे चक्र असते. खेळाडू ते फिरवतो, चक्र जोरात फिरते, मंदावते, मोठ्या बक्षिसाच्या घरात रेंगाळते आणि पुढच्याच घरात थांबते. थोडक्यात हुकले असे वाटून तो पुन्हा फिरवतो. पडद्यावरच्या या चक्राला वजन नसते आणि घर्षणही नसते. कोणते घर येणार हे फिरवण्याच्या क्षणीच ठरवून टाकता येते. मग पाच पूर्ण फेऱ्यांचे १८०० अंश आणि त्या घराचा कोन यांची बेरीज करायची, आणि वर चौकटीसाठी वापरलेले १ − (१ − क्ष)³ हेच सूत्र लावून चक्र तेथपर्यंत न्यायचे. मोठ्या बक्षिसाच्या शेजारीच, अगदी रेषेलगत थांबवायचे, हाही निवडलेला आकडा असतो. खेळाडूची आशा जागी ठेवण्यासाठी असा कोन निवडणे मला अप्रामाणिक वाटते, आणि मुलांच्या खेळांत तर ते असूच नये.

परंतु त्यासाठी सूत्राला दोष देता येत नाही, आणि मुलाला ते सूत्र न शिकवण्याने त्याचे रक्षणही होत नाही. मंदावत जाणारे चक्र कसे लिहितात हे ज्याने एकदा स्वतः लिहून पाहिले, त्याला दुसऱ्याच्या खेळातले थोडक्यात हुकणे कसे घडवले आहे ते लगेच ओळखता येते.

दुसरी जबाबदारी शरीराशी निगडित आहे. आतल्या कानाचा त्रास असलेल्या अनेकांना पडदा हादरवणाऱ्या किंवा झपाट्याने सरकणाऱ्या दृश्यांनी मळमळते, गरगरते. आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींत हालचाल कमी करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. खेळानेही हादरे बंद करण्याचा पर्याय द्यावा आणि तो निवडल्यावर नाणे थैलीत उडत न जाता नुसते विरून जावे. त्याला फारतर दहा-बारा ओळी लागतात.

सुरुवात कशी करावी

गोडो हे गेम इंजिन मोफत आहे आणि त्याचा मूळ कोड २०१४ पासून सर्वांसाठी खुला आहे. साधा लॅपटॉप त्याला पुरतो. पण त्याआधी आलेख कागद घ्यावा. आवडत्या खेळातली एखादी हालचाल, चौकट उघडणे किंवा पात्राची उडी, फोनवरच स्क्रीन रेकॉर्डिंगने टिपावी, लॅपटॉपवर ती एकेक फ्रेम पुढे नेत पाहावी आणि दर फ्रेमला वस्तू सुरुवातीच्या जागेपासून किती सरकली ते पट्टीने मोजून कागदावर बिंदू मांडावेत. बिंदूंमधली अंतरे सारखी असतील तर हालचाल सरळ आहे. ती शेवटाकडे लहान होत गेली तर तेथे इझिंग आहे, आणि बिंदू लक्ष्याच्या पलीकडे जाऊन परत आले तर तेथे बहुधा स्प्रिंग आहे. मग इंजिनात चित्रांच्या मागे न लागता नुसता एक चौकोन घ्यावा, तो तसाच हलेल असे सूत्र लिहावे, त्याच्याही नोंदी त्याच कागदावर मांडाव्यात. दोन वक्र जेथे जुळत नाहीत तेथे घात बदलायचा, वेळ बदलायची की अवमंदन, हे त्या ठिकाणच्या चढावरून कळते.